तेहतीस मिनिटं

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमान उतरत नाही. आमचा बाहेरचा रस्ता म्हणजे सुरत-भुसावळ रेल्वे, आणि आतला म्हणजे सातपुड्याचे घाट. तरी माझ्या मनगटावर वैमानिकांसाठी घडवलेलं जपानी घड्याळ आहे, आणि ते इथं शोभतं असं मला मनापासून वाटतं. ते उन्हावर चालतं, आणि उन्हाच्या बाबतीत आम्ही गर्भश्रीमंत आहोत.

तबकडी काळी दिसते, पण प्रकाशाला ती पूर्ण अडवत नाही. तिच्यातून झिरपलेला उजेड खालच्या सौरपट्टीवर पडतो, त्याची वीज होते आणि ती एका चिमुकल्या सेलमध्ये साठते. सिटिझन कंपनीनं प्रकाशावर चालणारं काट्यांचं घड्याळ १९७६ साली आणलं, तेव्हा या पट्ट्या तबकडीवर उघड्या दिसत. पुढं त्या आत गेल्या. साठा भरलेला असला की घड्याळ अंधारातही कित्येक महिने चालतं. पोट रिकामं होत आलं, की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारून कळवतो. माझ्या घड्याळावर तशी वेळ फक्त पावसाळ्याच्या अखेरीस येऊ पाहते, आणि खिडकीत ठेवलं की टळते.

थंडीत मात्र बाह्या लांब होतात आणि घड्याळ झाकलं जातं. नेमक्या त्याच दिवसांत नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरची पसरलेली असते. नजर पोचेल तिथवर लाल. नाकातोंडाला फडकी बांधलेल्या बाया ती उलटीपालटी करत असतात, देठ खुडत असतात. अवेळी आभाळ आलं की व्यापाऱ्यापासून मजुरापर्यंत सगळ्यांच्या माना वर होतात, कारण भिजलेल्या मिरचीला काळे डाग पडतात आणि भाव बसतो. त्या बाजूनं जाताना मी बाही कोपरापर्यंत सारतो. ज्या उन्हावर गावाची रोजी चालते, त्याच उन्हावर माझा सेकंदकाटा चालतो, याचं मला आजही नवल वाटतं.

पण हे घड्याळ खातं आमचं ऊन आणि वेळ सांगतं मिर्झापूरची! भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आणि ती रेषा मिर्झापूरजवळून जाते. नंदुरबार आहे साधारण सव्वाचौऱ्याहत्तर अंशांवर. मधलं अंतर सव्वाआठ अंशांचं. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणजे आमचा सूर्य घड्याळाच्या तेहतीस मिनिटं मागं. माझ्या काट्यांवर बारा वाजतात तेव्हा नंदुरबारच्या आकाशात सरासरीनं अकरा वाजून सत्तावीस मिनिटं झालेली असतात.

सरासरीनं म्हणायचं कारण, सूर्यही वर्षभर एका चालीनं चालत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमची खरी मध्यान्ह सव्वाबाराच्या सुमाराला होते. फेब्रुवारीच्या मध्यावर तिला जवळजवळ पावणेएक वाजतो. हे कळल्यापासून मी अंगणात काठी रोवतो आणि सर्वांत आखूड सावलीची वेळ घड्याळात पाहतो. इतकी वर्षं या उन्हात राहूनही त्याची चाल मला या घड्याळानंच पाहायला शिकवली.

प्रमाणवेळ लागू झाली १९०६ साली. मुंबईनं ती सहजासहजी मानली नाही. तिथं स्वतःची मुंबई वेळ, प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटं मागची, १९५५ पर्यंत टिकली. नंदुरबारची स्थानिक वेळ या दोन्हींच्या मधली, मुंबईच्या सहा मिनिटं पुढं. तिच्यासाठी कुणी भांडलं असेल असं वाटत नाही. भांडायचं कशाला? दिवस कासराभर वर आला की निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं, हा हिशेब कुठल्याही सरकारी वेळेच्या आधीपासूनचा आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी रात्रभर नाचून पहाटे पेटवतात, तीही मिर्झापूरला विचारून नव्हे.

घड्याळाला दूरच्या रेडिओ केंद्रांकडून अणुघड्याळाची वेळ पकडता येते. अशी केंद्रं जपानात दोन, जर्मनीत फ्रँकफर्टजवळ एक, शिवाय इंग्लंडात, चीनमध्ये, अमेरिकेच्या कोलोरॅडोत. त्या जातीचं केंद्र भारतात नाही, म्हणून इथं हा कान बंदच राहतो. मी आकाशवाणीच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर काटे जुळवतो. मला ते आवडतंही. महिन्यातून एकदा आपल्या हातानं वेळ लावणं म्हणजे घड्याळाशी दोन शब्द बोलणं आहे.

माझा सर्वांत जास्त जीव आहे तो तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यावर. त्यावर कोरलेले आकडे सारख्या अंतरावर नाहीत. पुढं पुढं ते दाटत जातात. ही गोल वाकवलेली स्लाइड रूल आहे. लांबी लांबीत मिळवली की आकड्यांचा गुणाकार होतो, ही लॉगरिदमची करामत. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात वाट दाखवणारा रेडिओ नव्हता. सोबत होती स्लाइड रूल. पुढं स्विस ब्रायटलिंगनं १९५२च्या सुमारास नॅव्हिटायमर या घड्याळात ती वैमानिकांच्या मनगटावर बसवली, आणि तिथून ती माझ्यापर्यंत आली.

शहाद्याहून तोरणमाळला जाणाऱ्या एसटीत मी हे कडं फिरवतो. घाटात सहा किलोमीटरला वीस मिनिटं लागली, तर बाहेरचा सहा आतल्या विसासमोर आणायचा आणि आतल्या साठासमोर वाचायचं: अठरा. ताशी अठरा किलोमीटर. आणि कडं तसंच ठेवलं, तर त्या वेगानं कुठल्याही अंतराला किती वेळ लागेल हे त्याच बैठकीत समोर दिसतं. मोबाइलला रेंज नसलेल्या त्या वळणांवर हे गणित तोंडावर उन्हाची तिरीप घेत होतं, याचा आनंद मी कुणालाही समजावून सांगायला तयार आहे.

गल्लीतल्या मुलांना मी ते सांगतोच. त्यांना सर्वांत जास्त रस असतो तो शून्य सावलीच्या दिवसात. आमचं गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो: मेच्या अखेरीस, २८ तारखेच्या आगेमागे, आणि पुन्हा जुलैच्या मध्यावर. जुलैत शाळा उघड्या असतात, पण आभाळ भरलेलं. मेमध्ये आभाळ मोकळं, पण शाळांना सुटी. म्हणून बोलावणं मेचंच असतं: साडेबाराला गच्चीवर या, पायात चपला घाला, येताना एक सरळ नळी किंवा पेला आणा. मुलं पावणेबारापासूनच जमायला लागतात, आणि बाराचे ठोके पडले की कुणीतरी विचारतंच, बारा वाजले तरी सावली अजून कशी? मग मी कडं बाजूला ठेवतो आणि तेहतीस मिनिटांपासून सुरुवात करतो.