राखणीचे पान

पत्त्यांच्या खेळाला आपल्या घरांतून फारशी प्रतिष्ठा नाही. परीक्षा जवळ आली असता मुलाच्या हाती पत्ते दिसले, की वडीलमंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात. आणि तीच वडीलमंडळी मे महिन्याच्या सुट्टीत मेंढीकोटासाठी चौथा गडी शोधीत घरभर फिरतात! आम्ही शिक्षक असूनही पत्त्यांचे वैरी नाही, हे आधीच सांगून टाकलेले बरे.

आपल्या जुन्या खेळांत एक गोष्ट समान असते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची 120 वाटोळी पाने घ्या, किंवा नेहमीची 52 पाने घ्या; कॅट सर्वांचा मिळून एकच. पिसणारा पिसतो, वाटणारा वाटतो, आणि वाट्याला आलेल्या पानांवर आपण डाव खेळतो. पाने वाईट आली तर दैवाला बोल लावण्याची सोय असते. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ 1993 साली बाजारात आला, आणि त्याने ही सोय बरीचशी काढून घेतली. ह्या खेळात प्रत्येक गडी आपला कॅट घरूनच रचून आणतो. हजारो निरनिराळ्या पानांतून निदान 60 निवडावयाची. मूळ भूमीची पाने वगळता एकाच नावाची चारांहून अधिक ठेवावयाची नाहीत. हरल्यावर बोल लावायचा तो आपल्या निवडीला!

खेळाची रीत थोडक्यात अशी : दोन गडी म्हणजे दोन मांत्रिक. प्रत्येकाचे आरंभी 20 प्राण. भूमीची पाने मांडून ‘माना’ नावाची शक्ती मिळवायची आणि ती खर्चून मंत्र टाकायचे किंवा प्राणी बोलवायचे. बेटांपासून निळी शक्ती मिळते, मैदानांपासून पांढरी. एका पाळीत भूमीचे एकच पान मांडता येते; म्हणून आरंभी प्रत्येक गडी गरीब असतो आणि हळूहळू श्रीमंत होत जातो.

आमच्या शाळेतील काही मुले पावसाळ्यात मैदान बंद असले की हा खेळ मांडून बसतात. नववीतील एका विद्यार्थिनीने थोरल्या भावाच्या उरल्यासुरल्या पानांतून निळ्या आणि पांढऱ्या रंगांचा कॅट रचला होता. लागोपाठ सहा डाव हरल्यावर तो भावाला परत करून टाकावा, असे तिच्या मनाने घेतले. त्यापूर्वी एकदा दोन पाने आमच्यापुढे ठेवून तिने विचारले, “सर, ह्या दोहोंतले कोणते ठेवू?”

दोन्ही पाने राखणीची होती. प्रतिपक्षाचा मंत्र उमटण्यापूर्वीच मोडणारी. एक 1993 पासूनचे ‘काउंटरस्पेल’. त्याला निळ्या शक्तीचे दोन अंश लागतात, आणि ते कोणताही मंत्र बिनशर्त मोडते. दुसरे 1998 साली आलेले ‘माना लीक’, म्हणजे शक्तीची गळती. त्यालाही दोनच अंश लागतात; पण त्यांतला एक निळा असला की पुरे, दुसरा कोणत्याही रंगाचा चालतो. मात्र प्रतिपक्षाने आणखी तीन अंश भरले, तर त्याचा मंत्र वाचतो. वरवर पाहता पहिलेच पान श्रेष्ठ. तिनेही त्याच्याच चार प्रती ठेवल्या होत्या.

आम्ही वहीचे पान घेऊन बसलो. तिच्या कॅटमध्ये 24 भूमी : 12 बेटे आणि 12 मैदाने. पहिली पाळी आपली असेल, तर आरंभीची सात पाने आणि दुसऱ्या पाळीला ओढलेले एक, अशी आठ पाने तोपर्यंत हाती येतात. त्यांत दोन बेटे असण्याचा संभव शंभरांत सुमारे 51 निघाला. एक तरी बेट आणि एकूण दोन तरी भूमी असण्याचा संभव मात्र शंभरांत सुमारे 81! तिचा नेहमीचा प्रतिस्पर्धी लाल रंगाचा कॅट घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या पाळीपासूनच तुटून पडे. त्या वेळी तिच्या हाती ‘काउंटरस्पेल’ असे, समोर एक बेट व एक मैदान असे, आणि बलाढ्य पहारेकरी हातातल्या हातात झोपलेला असे.

‘माना लीक’ हे दरिद्री काळातले पान आहे. दोघांजवळही शक्ती थोडी असताना तीन अंशांचा दंड कोणाला परवडणार? पण दहाव्या पाळीला प्रतिपक्षाजवळ शक्तीची रेलचेल झाली, की तो दंड हसत भरील. तेथे ‘काउंटरस्पेल’च हवे. आणखी एक मौज अशी, की ‘माना लीक’च्या धाकाने चतुर प्रतिपक्षी तीन अंश राखून ठेवू लागतो आणि आपणच आपला वेग कमी करतो. पान हाती नसतानाही ते राखण करते!

“मग दोहोंच्या चार-चार प्रती का ठेवू नयेत?” तिने विचारले. प्रश्न योग्य होता. आरंभीच्या सात पानांत चार प्रतींपैकी एक तरी येण्याचा संभव शंभरांत सुमारे 40. आठ असल्या तर सुमारे 65. परंतु जागा साठच. पहारेकरी वाढला की लढवय्या घटतो, आणि नुसत्या पहाऱ्याने डाव लांबतो, जिंकला जात नाही. शेवटी तिने ‘माना लीक’च्या चार व ‘काउंटरस्पेल’च्या दोन प्रती ठेवल्या. उरलेल्या दोन जागांवर तिने उडते प्राणी घेतले. हा निर्णय सर्वस्वी तिचा. आम्ही केवळ आकडेमोड केली. पुढचा डावही ती हरली, पण फार उशिरा हरली. त्यानंतरचा जिंकली. कॅट भावाकडे परत गेला नाही.

आमच्या गोमंतकात गावोगावी राखणदार असतो. ज्या वाटेने भय येते त्या वाटेवर त्याने उभे असावे, ही लोकांची अपेक्षा. तो किती बलाढ्य आहे हे मागाहून. विद्यार्थिमित्रहो, दोन सारख्या दिसणाऱ्या पानांतून निवड करताना ‘ह्यांत प्रबळ कोणते?’ हा प्रश्न आम्हांला अपुरा वाटतो. माझ्यावर संकट येते ते कोणत्या पाळीला, आणि त्या पाळीला माझ्या पदरी काय असते, हे आधी विचारावे. त्याचे उत्तर पानावर छापलेले नसते. ते आपल्या उरलेल्या 59 पानांत शोधावे लागते.