आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉल : पेठ ते विद्यापीठ

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाची निवड आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपासून सुरू होते. विद्यापीठाचे पुणे शहर, पुणे ग्रामीण, नगर आणि नाशिक असे चार विभाग आहेत. आधी प्रत्येक विभागातली महाविद्यालये आपापसांत खेळतात. खेळाडू याला ‘झोनल’ म्हणतात. सदाशिव पेठेतली महाविद्यालये शहर विभागात मोडतात. टिळक रस्त्यावरचे, १९१६ साली स्थापन झालेले स. प. महाविद्यालय त्यांतले सर्वांत परिचित.

प्रस्तुत लेखक पेठेतल्याच एका महाविद्यालयाकडून झोनल खेळला आहे. सामना दहा मिनिटांच्या चार डावांचा आणि चेंडू हाती आल्यापासून चोवीस सेकंदांत बास्केटकडे टाकायचा, हे नियम पुस्तकातले. सिमेंटच्या मैदानावर पाऊस पडून गेला की आधी राखीव खेळाडूंनी वायपरने पाणी काढायचे आणि मग खेळ सुरू व्हायचा. ओल्या सिमेंटवर पळणारा वेगाने वळू शकत नाही. त्यामुळे उंच खेळाडू बास्केटखाली उभा करून रिबाउंड मिळवणारा संघ भारी पडतो. लेखकाच्या संघात असा उंच खेळाडू नव्हता. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे एक दुपार बिघडली की वर्ष संपले. प्रेक्षक बहुधा बाकावरचे खेळाडू आणि त्यांचे मित्र एवढेच. याच पेठेत भरत नाट्य मंदिरात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेला मात्र तरुणांची झुंबड उडते. महाविद्यालयाच्या नावाने घसा फोडायची हौस पुण्यात कमी नाही. ती मैदानाकडे वळत नाही, इतकेच.

याचे एक कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. अमेरिकेत कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटातल्या महाविद्यालयांची, स्पर्धा जिंकणाऱ्या महाविद्यालयाला ६८ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. हंगामभर हरलेला संघही त्या चार-पाच दिवसांत नशीब पालटू शकतो. इथे विजेत्याला करंडक मिळतो आणि महाविद्यालयाचे नाव तिथेच थांबते. पुढे जातो तो निवडलेला खेळाडू. निवड समिती विभागाचा संघ करते, चार विभाग ‘इंटरझोनल’ खेळतात आणि त्यातून विद्यापीठाचा बारा जणांचा संघ ठरतो. त्यामुळे झोनलच्या अंतिम सामन्यानंतर खेळाडूंचे कान करंडकापेक्षा निवडीच्या यादीकडे लागलेले असतात. आदल्या दिवशी कोपरे मारणारा प्रतिस्पर्धी सराव शिबिरात आपल्याच बाजूने पास देतो. खेळाडूच्या दृष्टीने हे चांगलेच. पण ज्याच्या मागे महाविद्यालयाने उभे राहावे, असा संघच उरत नाही.

यापुढची स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघाच्या वतीने होणारी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिच्यात महाराष्ट्रासह गोवा, गुजरात, राजस्थान इथली विद्यापीठे उतरतात आणि पहिले चार संघ अखिल भारतीय फेरीला जातात.