भात्याची परीक्षा

‘आराधना’ (१९६९) चित्रपटातल्या ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केर्सी लॉर्ड यांचा अकॉर्डियन ऐकला आणि त्या वाद्याने मला झपाटले. वर्षभर शिकवण्या करून साठवलेले पैसे खिशात घालून मी मुंबईच्या चोरबाजारात गेलो. ४१ पट्ट्या, १२० बटणे, मोत्यासारखी झळाळी! मी हरखून पैसे काढू लागलो.

सोबत आलेले बँडवाले काका म्हणाले, “थांब. आधी भाता बघू.”

त्यांनी भात्याचे पट्टे सोडले आणि एकही पट्टी न दाबता वाद्य एका बाजूने धरून लोंबते ठेवले. भाता झरझर उलगडला. म्हणजे हवा गळत होती. मग प्रत्येक पट्टी भाता उघडताना आणि मिटताना वाजवली, कारण दोन्ही वेळा वेगळे रीड वाजते. तीन स्वर मुकेच! खिळे काढून आत पाहिले, तर रीड धरून ठेवणारे मेण तडकले होते आणि पोलादावर गंज चढला होता.

“मेण नवे बसवता येईल, पण एवढ्या गंजाचे काय करशील?”

मी रिकाम्या हाताने परतलो. वाईट वाटले, पण त्याहून अधिक वाटली लाज. वाद्य घ्यायला गेलो आणि ते वाजवून पाहायचेच विसरलो होतो!