कणा

मराठीत बाणेदार माणसाला आपण 'कणा असलेला माणूस' म्हणतो, आणि जो नमते घेतो त्याला 'कणाहीन' ठरवून मोकळे होतो. ज्यांचा कणा खरोखरच मोडला आहे अशांच्या घरी जाणे-येणे सुरू झाल्यापासून हा शब्दप्रयोग आमच्या तोंडी सहसा येत नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. कयाधूच्या काठचा हा मुलूख कष्टकऱ्यांचा. येथे माणूस पडतो तो विहिरीत, झाडावरून नाहीतर भरल्या गाडीवरून. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ विहिरीचे काम करताना असेच पडले. त्याला वीस वर्षे उलटून गेली. त्यांच्या खाटेशेजारी बसून आम्ही जे शिकलो, ते सेमिनरीतील तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांस कोणी शिकविले नव्हते.

मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. हाड मोडले तर जुळते. पण मज्जारज्जूचे तुटलेले धागे पुन्हा जुळवून आणणारे औषध अद्याप वैद्यकाला गवसलेले नाही. इजा पाठीत असेल तर पाय जातात, मानेत असेल तर हातही. लोकांना न चालणारे पाय दिसतात. न दिसणारे दुःख वेगळेच असते. मलमूत्राचा ताबा सुटतो. कातडीची जाणीव हरपते, म्हणून निखारा लागला तरी कळत नाही. एकाच कुशीवर पडून राहिल्यास दाबाने जखमा होतात आणि त्या हाडापर्यंत जातात. लघवी तुंबली तर मूत्रपिंडे निकामी होतात. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावले, ते प्रामुख्याने या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने.

हे चित्र पालटणाऱ्यांत लुडविग गुटमान या ज्यू डॉक्टरांचे नाव अग्रभागी येते. नाझी जर्मनीतून ते इंग्लंडला आले आणि १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे त्यांनी अशा रुग्णांसाठी विभाग उघडला. त्यांच्या उपचारात जादू नव्हती. दिवसरात्र दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, मूत्राशयाची निगा राखायची आणि त्याला कामाला व खेळाला लावायचे. २९ जुलै १९४८ रोजी तेथे १६ अपंग सैनिकांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. पुढे त्यातूनच पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धा उभ्या राहिल्या. १९७२ साली त्या जर्मनीतच हायडेलबर्गला भरल्या. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झालेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर तेथे ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे ते पहिले सुवर्ण. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर चाकाची खुर्ची धरावी लागली. त्यांनी अपंगांसाठी संस्था उभारली आणि त्याच खुर्चीचे नाव आपल्या आत्मकथनाला दिले.

या थोरांच्या गोष्टी आम्ही खाटेवरच्या गृहस्थांना सांगितल्या. ते कौतुकाने ऐकत राहिले. मग म्हणाले, "फादर, ते पाण्यात उतरले, कारण त्यांना पाण्यापर्यंत कोणीतरी नेलं. मला अंगणापर्यंत न्यायला कोण आहे?"

या प्रश्नावर आम्ही पुष्कळ विचार केला. पक्षाघाती माणसाला चौघांनी घराचे छप्पर उघडून प्रभूपुढे उतरविल्याची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. प्रवचनात आपला भर चमत्कारावर असतो. पण त्या चौघांनी आजाऱ्याला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. वाट अडली होती, ती त्यांनी मोकळी केली. 'देवाची इच्छा' म्हणून घरी परतणे सोपे होते. छपरावर चढणे अवघड होते.

दोन दशके त्या घरात हे अवघड काम एकटी गृहिणी करीत आली आहे. रात्री दोनदा-तीनदा उठून ती त्यांची कूस बदलते, पहाटे मूत्रनळी उकळते, मग रोजाने हळदीच्या शेतात जाते. तिच्या हातच्या निगेमुळे एवढ्या वर्षांत त्यांना एकदाही मोठी जखम झाली नाही. आता तिचे वय झाले असून तिचीच कंबर दुखते. "मी अंथरुणाला खिळले तर यांना कुशीवर कोण करील?" असे तिने विचारले, तेव्हा आम्ही धीराचे शब्द शोधत बसलो नाही. धर्मग्रामातील कुटुंबांना एकत्र बोलाविले.

आज चार घरांनी वार वाटून घेतले आहेत. कोणी दुपारी जाऊन कूस बदलतो, कोणी मुलांना घेऊन जातो आणि ते गृहस्थ त्यांना गणित शिकवितात. दाराशी मुरूम टाकून उतार केला आहे. उसनी का होईना, चाकांची खुर्ची अंगणात आली आहे. रात्रीची पाळी मात्र अजून त्या माउलीकडेच आहे. ती वाटून घ्यायला कोणी पुढे आलेले नाही. वाचकहो, आपल्याही धर्मग्रामात असे एखादे घर असेल. तेथे जाताना फळे अवश्य न्या, प्रार्थनाही करा. पण निघण्यापूर्वी एवढे विचारा, रात्री कोण उठते?