आधी पाहा, मग नाव द्या

मला पतंग पाहण्याचा छंद आहे. पतंग म्हणजे दोऱ्याने उडवायचा नव्हे, दिव्याभोवती फिरतो तो. पावसाळ्यात ओसरीच्या दिव्यासमोर आजोबांचे जुने पांढरे धोतर टांगले, की पतंग त्यावर येऊन बसतात. मी वहीत तारीख, वेळ, आकार, रंग आणि बसण्याची तऱ्हा लिहिते.

फुलपाखराच्या मिशांच्या टोकाला गाठ असते. पतंगाच्या मिशा बहुधा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. फुलपाखरू बहुधा पंख उभे मिटून बसते. पतंग पंख पसरून किंवा घराच्या छपरासारखे उतरते ठेवून बसतो. एवढे कळले की मग पुढचे गट पाडायचे.

एकदा पाठीवर कवटीची खूण असलेला मोठा पतंग आला. आजी ओरडली, "अगं, मढ्याचं डोस्कं हाय त्याच्या पाठीवर. मार त्याला!" मी सांगितले, ती नुसती नक्षी आहे. हा पतंग पोळ्यात शिरून मध चोरतो आणि हातात धरला तर चिरकतो. त्याची अळी तिळाचा पाला खाते. आजी म्हणाली, "मधच खातो व्हय? मग राहू दे."

पण मक्याचे तसे नाही. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी आपल्या देशात प्रथम आढळली. तिचा पतंग करडा असतो, पण करडे पतंग पुष्कळ जातींचे असतात. एका रात्री धोतरावर ११ करडे पतंग बसले. बाबा म्हणाले, "उद्याच फवारणी करतो." औषध महाग, शिवाय त्याने उपयोगी किडेही मरतात. मी वहीत लिहिले, 'करडे पतंग ११, नाव नक्की नाही.'

सकाळी बाबांनी आणि मी मक्याची ५० झाडे पाहिली. लष्करी अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी खूण असते आणि शेपटीकडे चौकोनात चार काळे ठिपके असतात. दोनच झाडांच्या पोंग्यांत तशा अळ्या सापडल्या. त्या हाताने वेचल्या. बाबांनी फवारणी थांबवली आणि दर आठवड्याला झाडे पाहायचे ठरवले.

मित्रांनो, पतंग दिसला तर लगेच मारू नका. दिसले तेवढेच लिहा. नाव ठाऊक नसेल तर जागा कोरी ठेवा, ती नंतर भरता येते. पालकांनीही शेतात निराळी अळी दिसली तर आम्हाला जरूर दाखवावी. माझी वही वर्गात खिडकीजवळ ठेवली आहे.

(इयत्ता सातवी)