अंगातला जोर हे माप नव्हे

फवारणीचे औषध अंदाजाने ओतू नका, मापाने घ्या, हे सांगण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. आज तीच गोष्ट घरच्या जीपबाबत सांगायची आहे. खेड्यापाड्यांतली तरुण मुले पट्टा, ऑईल सील घरीच बदलू लागली आहेत. चांगलेच आहे. मजुरी वाचते, यंत्रही कळते. पण क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला पुली धरून ठेवणारा मधला बोल्ट आवळायची वेळ आली, की माप बाजूला राहते आणि अंगातला जोर पुढे येतो.

पुलीच्या आत बहुधा अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते. सगळा भार तीच घेते असा पुष्कळांचा समज. बहुतेक इंजिनांत चावी पुलीला जागेवर बसवते. भार पेलते ती बोल्टची पकड. पकड ढिली पडली की पुली हलते, चावी झिजते आणि शाफ्टची खाच रुंदावते.

माझ्या पाहण्यातल्या एका शेतकऱ्याची जीप ऐन कांदा काढणीत अशीच बसली. दोघांनी पाईप लावून बोल्ट कचकचून आवळला होता. पण आट्यांत माती आणि गंज होता. जोर घासण्यातच गेला, पकड बसलीच नाही. सीलपुरते उघडलेले इंजिन शेवटी खाली उतरवावे लागले, आणि कांदा भाड्याच्या गाडीने बाजारात गेला.

म्हणून आधी आटे ब्रशने साफ करा. ऑईल लावायचे की कोरडेच बसवायचे, हे गाडीच्या पुस्तकात पाहा. त्याने पकडीत मोठा फरक पडतो. काही बोल्ट एकदा काढले की नवेच घालावे लागतात. आवळण्याचे मापही पुस्तकातच मिळते, ते प्रत्येक इंजिनाचे वेगळे. टॉर्क पाना नसेल तर हिशेब सोपा आहे: बोल्टच्या मध्यापासून 1 मीटरवर, दांड्याला काटकोनात 10 किलोचा ओढा दिला, तर 10 किलोग्रॅम-मीटर, म्हणजे सुमारे 98 न्यूटन-मीटर. अर्ध्या मीटरवर तेवढ्यालाच 20 किलो लागतात. ओढा स्प्रिंगच्या ताणकाट्याने मोजता येतो. तरी टॉर्क पाना मागून आणता आला, तर तोच बरा.

आवळताना इंजिन फिरू नये म्हणून बॅटरीची तार काढा, चाकांना दगड लावा, गाडी वरच्या गिअरमध्ये घाला आणि घरातल्या जाणत्या माणसाला ब्रेक दाबून बसवा. फ्लायव्हीलच्या दात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका, दाते तुटतात. काहीजण पान्याचा दांडा चासीला टेकवून स्टार्टर मारतात. नेहमीच्या उजव्या आट्यांच्या बोल्टवर त्याने बोल्ट सुटतो, आवळला कधीच जात नाही. आणि दांडा निसटला तर हात मोडतो.

काम झाले की बोल्टच्या डोक्यावरून पुलीवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. चार दिवसांनी इंजिन बंद करून पाहा. रेघ जुळलेली असेल तर खुशाल मळ्यात जा. सरकली असेल तर गाडी तिथेच थांबवा आणि बोल्ट पुन्हा उघडून पाहा.