असीरगडच्या तोफा आणि फादर झेवियर

तोफा, तलवारी आणि चिलखते मांडून ठेवलेली संग्रहालये पाहावयास पुष्कळ लोक जातात. मुलांची तर ती फारच आवडती ठिकाणे. आम्हांसही ती हौस आहे. परंतु बऱ्हाणपुरास जाऊन जे शस्त्रागार आम्ही पाहिले ते रिकामे होते, आणि त्याची कथा मात्र आम्हां कॅथलिकांच्या घरची निघाली.

भुसावळहून खांडव्यास जाणाऱ्या लोहमार्गावर, तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसले आहे. तेथून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर सातपुड्याच्या एका डोंगरावर असीरगड उभा आहे. उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणाऱ्या वाटेवर त्याची नजर असे, म्हणून त्यास दख्खनचे दार म्हणत. मलयगड, कमरगड आणि सर्वांच्या वर असीरगड, असे तीन तट एकावर एक चढविलेले आहेत. चढ दमविणारा आहे. वर मशिदीचे दोन मिनार, शिवाचे देऊळ, तळी, इंग्रजी अमदानीतील पडका तुरुंग व काही कबरी. बाकी सारे रान.

सन १६०० मध्ये हे ठिकाण असे उजाड नव्हते. येशूसंघीय फादरांच्या पत्रांवरून त्या काळी जे वृत्तांत लिहिले गेले, त्यांत गडावर लहानमोठ्या ३००० हून अधिक तोफा होत्या असे म्हटले आहे. आकडा थोडा फुगलेला असावा. विजयी छावणीत मोजलेल्या तोफा नेहमीच जास्त भरतात. गडाच्या रक्षकांत सात पोर्तुगीज सरदारही होते, आणि त्यांनी आपला ख्रिस्ती धर्म टाकलेला होता.

खानदेशचा फारुकी राजा बहादूर या गडाच्या आश्रयास बसला, तेव्हा अकबर बादशहा जातीने बऱ्हाणपुरास आला. त्याच्या छावणीत फादर जेरोम झेवियर होते. हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या बहिणीचे नातू. त्यांच्या सोबतीस बंधू बेनेदिक्त द गोएस होते. पुढे हेच गोएस मध्य आशियाच्या खुष्कीच्या मार्गाने चीनपर्यंत गेले आणि १६०७ मध्ये चीनच्या वेशीवर वारले.

गड काही केल्या पडेना. तट फोडण्याजोग्या मोठ्या तोफा बादशहापाशी पुरेशा नव्हत्या. त्याने फादरांस बोलावून सांगितले, “चौलच्या पोर्तुगिजांस लिहा आणि तोफा मागवा.” फादरांनी नकार दिला. असे करणे आपल्या ख्रिस्ती धर्मास सोडून होईल, असे त्यांनी तोंडावर कळविले.

खरे सांगावयाचे तर हा नकार निव्वळ धर्माचाच होता असे आमच्याने म्हणवत नाही. पोर्तुगिजांचा खानदेशच्या राजाशी नुकताच सलोखा झाला होता, आणि जुन्या वृत्तांतकारांनी ही गोष्ट लपविलेली नाही. तरीही फादरांची स्थिती ध्यानात घ्यावी. ते बादशहाचे अन्न खात होते. लाहोरचे देऊळ, तेथील नवी ख्रिस्ती घरे, १५९५ पासूनचे सारे कष्ट एका माणसाच्या मर्जीवर टांगलेले होते. एका पत्राने ती मर्जी कायमची जोडता आली असती.

बादशहा संतापला. त्याने त्यांस दरबारातून काढून गोव्यास चालते होण्यास फर्माविले. फादर सामान बांधू लागले, तोच एका सरदाराने मित्रत्वाने सुचविले की, आता निघाल तर वाटेतच मारले जाल. राग निवेपर्यंत गप्प बसा. ते थांबले, आणि राग खरोखरच निवला.

गड १७ जानेवारी १६०१ रोजी हाती आला. अबुल फजल म्हणतो, आत रोगाची साथ पसरली होती. फादरांच्या बाजूचे वृत्तांत म्हणतात, रक्षकांस सोने चारले गेले, आणि राजास तर त्याआधीच अभयवचन देऊन बाहेर बोलावून अडकविले होते. धरलेल्या सात पोर्तुगिजांचे पुढे काय व्हावे, हा प्रश्न निघाला तेव्हा फादर झेवियर यांनी त्यांस मागून घेतले. तोफा न देणाऱ्या या धर्मगुरूच्या पदरी बादशहाने ते सात जीव घातले, आणि थोड्याच काळात ते पुन्हा ख्रिस्तसभेत आले. आम्हांस तर या वेढ्यातील हीच लूट मोलाची वाटते.

बऱ्हाणपूरच्या जामी मशिदीत अकबराच्या स्वारीचा शिलालेख आहे. त्याच मशिदीत अरबीबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे, तो अवश्य पाहावा.

परतताना आम्हांस चौलच्या बाजूची कोर्लई आठवली. कुंडलिकेच्या मुखाशी असलेल्या त्या पोर्तुगीज किल्ल्यात जुन्या तोफा अजून पडून आहेत, आणि खालच्या गावातील कॅथलिक घरांत पोर्तुगीज मिसळलेली बोली अजून बोलली जाते. त्या किनाऱ्यावरून असीरगडास तोफ गेली नाही.